सॅल्यूट राहू द्या, पाण्यात उतरू द्या

मंडळी, पोस्ट मोठी आहे. तर्री-पोह्याची प्लेट घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. अर्धी वाचून खाली 'जय हिंद' टाकून पुढे सरकणाऱ्यांसाठीच खरं तर ही लिहून राहिलो आहे.

आमच्या गल्लीत एक माजी हवालदार राहतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. लहानथोर सगळे हवालदार काकाच म्हणतात. २००२ मध्ये, ऑपरेशन पराक्रमच्या काळात, सीमेवर सुरुंग पेरण्याचं काम चालू असताना त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये नवा पाय बसला. चालतात छान. नवखा माणूस ओळखणार नाही.

पण नागपूरचा मे महिना ओळखतो. पारा ४५ ला गेला की कृत्रिम पायाच्या वाटीत, जिथे उरलेला पाय बसतो तिथे, घाम साचतो. कातडी ओली राहते, मग सोलते, मग फोड येतात. मग आठ-दहा दिवस पाय काढून खाटेवर पडून राहायचं, कूलरसमोर. दर उन्हाळ्यात हेच. वजन वाढतं, शुगर वाढते, घरच्यांवरची चिडचिडही वाढते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, काका, पोहा. पाण्यात पायावर भार येत नाही आणि व्यायाम पूर्ण होतो. काका खुश. गावच्या विहिरीत दोन्ही पाय जोडून उडी मारायला शिकलेला माणूस तो.

मी त्यांना घेऊन शहरातल्या एका तरण तलावावर गेलो. कोणत्या ते विचारू नका. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. फॉर्म भरला, फोटो लावला, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं. मग मॅनेजरने आत बोलावलं. बोलणं अगदी अदबीचं. "काका, तुमचा खूप आदर आहे आम्हाला. पण समजून घ्या ना. लेडीज येतात, लहान पोरं येतात. तुम्ही काठावर पाय काढून ठेवणार, ते बाकी मेंबर लोकांना कसं वाटेल? आणि उद्या तुम्ही घसरले तर जबाबदारी कोणाची?"

काकांनी काही वाद घातला नाही. उठले. तर मॅनेजरही उठला आणि त्याने कडक सॅल्यूट मारला.

काकांनी सवयीने उलट सॅल्यूट दिला आणि आम्ही स्कूटरवर बसून घरी आलो. मी सोबत होतो. मी तिथे एक शब्द बोललो नाही. ती लाज अजून गेलेली नाही, म्हणून ही पोस्ट.

आता तुम्ही म्हणाल, एका तलावाच्या मॅनेजरवरून एवढं काय. थांबा.

त्यानंतर काही दिवसांनी काकांच्या मुलाने आम्हाला मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. ब्रिटनच्या तिन्ही सेनादलांत काईटसर्फिंगचे क्लब आहेत. काईट म्हणजे पतंगच, पण आपली संक्रांतीची नाही. खोलीएवढी मोठी, हवा भरलेली कापडी पतंग. तिच्या वीस-बावीस मीटरच्या दोऱ्या माणसाच्या कमरेला बांधलेल्या हार्नेसला जोडलेल्या असतात, पायाखाली एक फळी असते, आणि वारा त्याला समुद्रावरून ओढत नेतो. आपल्याकडे पतंगीच्या दोऱ्याने दर जानेवारीत दुचाकीवाल्यांचे गळे कापले जातात, तिकडे त्याच दोऱ्याने माणसाला पाण्यावर उभं करून राहिले. असो.

तर सांगायचं म्हणजे, तिथले क्लब जखमी सैनिकांसाठी हात पुढे करतात. पाय गेलेला माणूस असू शकतो, किंवा अंगावर एकही जखम दिसत नाही पण रात्री झोप लागत नाही, असाही असू शकतो. काकांना पहिला प्रश्न पडला तोच मलाही पडला होता: एका पायाचा माणूस फळीवर उभा राहील कसा? मुलाने दाखवलं. ओढ सगळी कमरेवर येते, हातावर नाही. खांद्यात, मनगटात ताकद कमी असली तरी पतंग फक्त वळवायची असते, पेलायची नसते. ज्यांना उभंच राहता येत नाही त्यांच्यासाठी फळीवर बसायची सीट असते. घाबरायला झालं तर हार्नेसपाशी एक खटका असतो. तो ढकलला की पतंगीतला जोर जातो, ती पाण्यावर पडते. आणि शिकणाऱ्याजवळ शिकवणारा असतो, तो बहुतेक वेळा त्याच्यासारखाच वर्दीतला किंवा वर्दीतून निवृत्त झालेला.

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "याच्यात एक गोष्ट आहे भाऊ. वारा अंगावर येते ना, तेव्हा दुसरा काही विचार करताच येत नाही. पहाऱ्यावर असंच असते."

डॉक्टर मंडळी हेच मोठमोठ्या शब्दांत सांगतात. अमेरिकेत सॅन दिएगोच्या नौदल रुग्णालयाने जखमी सैनिकांना सर्फिंगला नेणं हा उपचाराचाच भाग केला. गंमत म्हणून सहल नाही, उपचार म्हणून.

इथे लगेच काही जण उसळतील, मला माहीत आहे. "हे गोऱ्यांचे चोचले. त्यांच्याकडे पैसा आहे, समुद्र आहे. आपल्या जवानाला पेन्शन वेळेवर मिळू द्या आधी." पेन्शनबद्दल भांडायचंच आहे, त्यावर येतो. पण 'गोऱ्यांचे चोचले' हे वाक्य मराठी माणसाने तरी तोंडातून काढू नये.

कारण आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचा मुरलीकांत पेटकर नावाचा एक जवान होता. ईएमईमधला, मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्याला पाण्यात उतरवलं. व्यायाम म्हणून. पदक वगैरे कोणाच्या डोक्यात नव्हतं. १९६८ ला तो तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला टेबल टेनिस खेळायला गेला आणि १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सोनं घेऊन आला. विश्वविक्रम. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. हॉकी सोडली तर ऑलिम्पिकमध्येही तोवर आपल्या कोणत्याही एकट्या खेळाडूला सोनं मिळालं नव्हतं. तिकिटाचे पैसे जमवायला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची संस्था पुढे आली होती.

मग आपण काय केलं? विसरलो. पद्मश्री मिळाली २०१८ ला. अर्जुन जीवनगौरव मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, तोही २०२४ ला 'चंदू चॅम्पियन' सिनेमा येऊन गेल्यावर. म्हणजे सोन्यापासून अर्जुनापर्यंत ५३ वर्षं. सिनेमा नागपूरच्या थिएटरात आपण सगळ्यांनी बघितला, डोळे पुसले, पॉपकॉर्नचा डबा टाकला आणि घरी आलो. त्या सिनेमातली खरी गोष्ट पदक नाहीच. खरी गोष्ट ही आहे की लष्कराच्या रुग्णालयात एका लुळ्या माणसाला कोणीतरी पाण्यात उतरू दिलं.

आणि गोऱ्यांचंच बोलायचं तर त्यांनीही हे श्रीमंतीत सुरू केलेलं नाही. १९४८ साली, दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटनचं कंबरडं मोडलेलं, खाण्यापिण्याला रेशन, तेव्हा स्टोक मँडेविलच्या रुग्णालयात लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरने मणक्याची दुखापत झालेल्या १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांना हिरवळीवर नेऊन धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी. आजचं पॅरालिम्पिक त्यातून उभं राहिलं. लागलं काय? सोळा खुर्च्या, काही धनुष्यं, आणि 'यांना हे जमेल' असं म्हणणारा एक माणूस.

आता सेनेबद्दल. कोणी असं समजू नका की मी लष्करावर तोंड सोडून राहिलो. उलट आपल्या देशात जखमी जवानासाठी जे थोडंफार झालंय ते लष्करानेच केलंय, आणि त्यातलं बरंचसं महाराष्ट्रात. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून. खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून, म्हणजे पहिल्या महायुद्धापासून जखमी जवानांना हाताला काम शिकवतंय. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून. आणि आता खडकीलाच आर्मीचा पॅरालिम्पिक नोड आहे. तिथून होकातो सेमा हा नागालँडचा हवालदार २०२४ ला पॅरिसला गेला आणि गोळाफेकीत कांस्य घेऊन आला. त्याचा पाय सुरुंगात २००२ ला गेला होता. आमच्या काकांचा गेला तेच वर्ष. फरक एवढा की २०१६ ला, वयाच्या बत्तिशीत, पुण्याच्या लिंब सेंटरमधल्या एका अधिकाऱ्याने त्याच्या हातात गोळा ठेवायला लावला. पण तिथेही हिशेब करा. २००२ ते २०१६. मधली १४ वर्षं कुठे गेली?

आणखी एक नाव. कमांडर अभिलाष टॉमी, नौदलाचे. दिलीप दोंदे या आपल्या मराठी अधिकाऱ्याने २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यांच्या तयारीत टॉमी सोबत होते. नंतर स्वतः न थांबता केली. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, वादळात त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि पाठीचा कणा जायबंदी झाला. तीन दिवस नौकेतच पडून. पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसल्या. माणूस पुन्हा चालायला शिकला. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण करून आला. २३६ दिवस एकटा समुद्रात. त्या वेळी नौकेवर नाव होतं 'बायनात'. प्रायोजक संयुक्त अरब अमिरातीचा. भारताच्या नौदलातून निवृत्त झालेल्या, पाठीत सळ्या असलेल्या माणसाला समुद्रात परत जायला मदत अबुधाबीने केली.

मग माझं भांडण कशाबद्दल आहे? तर 'नोड' आणि 'क्लब' या दोन शब्दांतल्या फरकाबद्दल.

नोड निवडतो. कोण पदक आणू शकतं, त्याला घेतो, घडवतो, पाठवतो. त्याचं ते कामच आहे आणि तो ते चांगलं करतो. क्लब निवडत नाही. क्लबमध्ये जो येईल तो आपला. ज्याला कधीच काही जिंकायचं नाही, ज्याला फक्त रविवारी सकाळी चार ओळखीच्या लोकांत जाऊन ओलं व्हायचं आहे, त्याच्यासाठी क्लब असतो. ब्रिटनचे ते काईटसर्फिंगवाले मला आवडले ते एवढ्यासाठीच. त्यात कसरतीचा अप्रूप कमी आहे. धडधाकट सैनिक ज्या क्लबात खेळतो, त्याच क्लबात जखमी सैनिक येतो. वेगळा 'दिव्यांग कक्ष' नाही, वेगळा दरवाजा नाही. काल जो युनिटमध्ये सोबत होता, तोच आज पतंग धरून उभा आहे.

आपल्याकडे असं असतं: जखमी झाला, रुग्णालय उत्तम. नवा पाय, उत्तम. मग मेडिकल बोर्ड, मग घरी. आणि घर म्हणजे काटोल, उमरेड, देवळी, मोर्शी, चिखली. पुणे तिथून शेकडो किलोमीटर. पदकाच्या लायकीचा असेल तर पुणे त्याला बोलावेल. नसेल तर? नसेल तर २६ जानेवारीला शाळेत झेंड्याजवळ खुर्ची, शाल, नारळ. उरलेले ३६४ दिवस काय, ते कोणी विचारत नाही.

जगात जखमी सैनिकांची इन्व्हिक्टस स्पर्धा २०१४ पासून चालू आहे. तिच्यात पदकांची अधिकृत तक्ताच मोठी गोष्ट नसते, पोहोचणं हीच गोष्ट असते. २०२५ ला कॅनडात झाली. वीसहून जास्त देश होते. युक्रेन होता, युद्ध चालू असताना. नायजेरिया होता, कोलंबिया होता. भारत नव्हता. जगातल्या सर्वात मोठ्या सेनांपैकी एक आपली, आणि आपण नव्हतो.

पेन्शनवाल्यांसाठी आता. होय, तो प्रश्न आहेच. खडकवासल्याच्या एनडीएत आणि इतर अकादम्यांत प्रशिक्षण घेताना जायबंदी झालेले, १९८५ पासूनचे सुमारे ५०० ऑफिसर कॅडेट. त्यांना माजी सैनिक हा दर्जाही नाही, कारण कागदोपत्री ते अजून अधिकारी झालेच नव्हते. बातम्या आल्या, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे त्यांच्यासाठी माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं दार उघडलं. चाळीस वर्षं एका दाराला. त्यामुळे पैशासाठी भांडा, मीही भांडतो. पण 'आधी पेन्शन, मग पोहणं' हा क्रम कोणी लावला? माणसाला जेवण द्यायचं ठरलं की श्वास थांबवायला सांगतो का आपण?

आता या नागपूरवर.

कामठीला गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर. लष्करी रुग्णालय तिथेच. वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. सीताबर्डीच्या किल्ल्यात लष्कर. मिहानला एम्स. विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्यात फौजी घरं. आणि पाणी? अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा शहरातच. रामटेकजवळ खिंडसी, तिथे बोटिंग चालतं. एवढं सगळं एका ठिकाणी, आणि पाय गेलेल्या एका जवानाला पाण्यात उतरायला जागा नाही.

फुटाळ्यावर आपण काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. संगीत कारंजं, प्रेक्षक गॅलरी, आणि त्यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत खटला. पाण्याकडे बघायला आपण जागा बांधली. पाण्यात उतरायला एक उतार बांधला नाही.

आणि अंबाझरी? २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र विसरलात का? चार तासांत शंभर मिलिमीटर पाऊस, तलाव ओसंडला, नाग नदी घरात. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी. लोक गच्चीवर. तेव्हा लष्कराच्या तुकड्या आल्या. तेव्हा कोणी विचारलं होतं का, हे बोटवाले आमच्या सोसायटीत शिरले तर बाकी मेंबर लोकांना कसं वाटेल? पाणी आपल्या दारात आलं तेव्हा जवान चालला. जवान पाण्याच्या दारात गेला तेव्हा मेंबर लोक आठवले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाही तर वाऱ्याचं गणित माहीत असलेले लोक मला धरतील. नागपुरात काईटसर्फिंग होणार नाही. त्याला तासन् तास एकसारखा वाहणारा वारा लागतो, साधारण बारा नॉटच्या वर. आपल्याकडे मेमध्ये लू वाहते, पण ती झटक्यांची, आणि पावसाळ्यापूर्वीचं वादळ तर पतंगवाल्याला थेट झाडावर नेऊन ठेवेल. ते काम रामेश्वरमचं, गोव्याचं. नौदलाचा समुद्री शिडांच्या नौकांचा नोड गोव्यातच, आयएनएस मांडवीला आहे. सेनादलांनी तिथे जखमींसाठी असा क्लब काढावा, विदर्भातून वर्षाला दहा जणांनी जावं, हे मागणं करायलाच हवं. पण त्यासाठी नागपूरने थांबायची गरज नाही. इथे पोहणं आहे, वल्ह्याची नाव आहे, कयाक आहे, छोटी शिडाची बोट आहे. कयाकमध्ये बसल्यावर कोणाला पाय आहे की नाही ते तळ्याच्या काठावरून दिसतही नाही!

सुरक्षेचं म्हणाल तर मान्य. जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात नाव उलटून आपल्याच शहरातली तरणी पोरं गेली. मी ती बातमी विसरलेलो नाही. पण ती पोरं लाईफ जॅकेटशिवाय, शिकवणाऱ्याशिवाय गेली होती. क्लब म्हणजे त्याच्या उलट. जॅकेट घातल्याशिवाय काठ सोडायचा नाही, सोबत सुरक्षेची बोट, वाऱ्यापावसाचा अंदाज, हजेरीची वही. आणि शिस्त पाळायला फौजी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

'अपंग माणूस आणि पोहणं' हे ऐकून अजूनही ज्यांच्या कपाळावर आठ्या येतात, त्यांनी कांचनमाला पांडे हे नाव आठवावं. आपल्या नागपूरची. जन्मापासून दृष्टी नाही. २०१७ ला मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्ण. ती याच शहराच्या पाण्यात पोहत होती.

आणि हे कोणाच्या मेहरबानीचं कामच नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. कलम ३० खेळाबद्दल आहे: दिव्यांगांना खेळात सहभागी होता यावं ही सरकारची जबाबदारी. कलम ४५ सांगतं की सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत दिव्यांगांना वापरता येतील अशा करा. नियम निघाले जून २०१७ ला. म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. शिवाय महाराष्ट्रात प्रत्येक महापालिकेने, नगरपरिषदेने, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. त्यातून तलावावर एक उतरायची खुर्ची बसते. हाताने फिरवायची, पाण्यात खाली सोडणारी खुर्ची. कारंजापेक्षा स्वस्तच पडेल, बाप्पा!

माझं मागणं लहान आहे. शहरातल्या एका, फक्त एका, तलावावर सकाळचा एक तास. उतरायची खुर्ची, काठावर कृत्रिम पाय ठेवायला कोरडा बाक, कपडे बदलायला पायऱ्या नसलेली खोली. त्या तासाला कामठीतून, वायुसेनानगरातून ज्यांची इच्छा असेल ते सेवेतले जवान सोबतीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आपल्याकडच्या जखमी माजी सैनिकांना एक फोन करून विचारायचं, येता का. बस. खिंडसी नंतर बघू.

आणि फक्त फौजीच नाही. त्याच खुर्चीवरून समृद्धीवरच्या अपघातात पाय गेलेला ट्रक ड्रायव्हरही उतरेल, कापूस वेचताना विजेच्या तारेने हात गेलेली बाईही. फौजी पुढे असले की मॅनेजर सॅल्यूट तरी मारतो. बाकीच्यांना तर तोही मिळत नाही.

दिवाळीनंतर आम्ही चार जण काकांना घेऊन खिंडसीला गेलो होतो. त्यांचा मुलगा, मी, आणि ज्यांना बोटी हाताळता येतात असे दोन मित्र. लाईफ जॅकेट, दोर, सगळं नेलं. काठावर काकांनी पाय काढला, मोजा घडी करून त्यात ठेवला, आणि बुडावर सरकत सरकत पाण्यात गेले. कोणाचा हात घेतला नाही. वीस-पंचवीस मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात हात मारत राहिले. दोन शाळकरी पोरं काठावर उभी राहून बघत होती. पाच मिनिटांनी कंटाळून निघून गेली. मेंबर लोकांना जे वाटेल म्हणत होते, ते एवढंच वाटलं त्यांना.

बाहेर आल्यावर काका टॉवेल गुंडाळून बसले. त्यांचा नसलेला पाय दुखतो. अंगठा, टाच, जी २००२ लाच गेली, तीच दुखते. हे ज्यांना झालंय त्यांनाच कळतं. म्हणाले, "आज तो काही बोलला नाही." मी इथे कोणतं औषध विकून राहिलो नाही. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा दुखला असंही त्यांनी सांगितलं. जे म्हणाले ते लिहिलं.

पुढचा मे येणार आहे. वाटीत घाम साचणार आहे.

तर आता कमेंटमध्ये 'जय हिंद' लिहू नका, हात जोडलेले इमोजी पण नको. उद्या सकाळी तुमच्या वस्तीतल्या तरण तलावावर जा आणि मॅनेजरला एक प्रश्न विचारा: माझ्या ओळखीचे एक काका आहेत, एक पाय नाही, त्यांना मेंबर व्हायचंय, देता का? जो 'हो' म्हणेल त्या तलावाचं नाव खाली लिहा. आपण सगळे तिथलीच मेंबरशिप घेऊ.